सोलरचं अ‍ॅप: युनिटला पैकीच्या पैकी, झाडांना शून्य

गच्चीवर सोलर बसवलं त्याला उन्हाळा, पावसाळा, थंडी असं सगळं दाखवून झालं, म्हणून आता लिहायला घेतलं. बसवल्यावर आठ दिवसांत पाच तारे देणारे पुष्कळ असतात. पण बेळगावात जुलै काढल्याशिवाय सोलरबद्दल कुणी तोंड उघडू नये.

माझं आयुष्य उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपात गेलं. आधी टर्नर, मग सुपरवायझर. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की पहिल्यांदा डोक्यात येतं, हे मोजलं कशानं आणि याचा लीस्ट काउंट (त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप) किती? या सवयीचा घरात सगळ्यांना ताप होतो, पण हा अभिप्राय त्याच सवयीतून आला आहे. सोलरबद्दल खूप लोक लिहितात. मला त्याच्याबरोबर फुकट मिळालेल्या मोबाईल अ‍ॅपबद्दल जास्त बोलायचं आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पॅनेल एकाचं, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) दुसऱ्याचा, बसवणारा तिसराच, आणि अ‍ॅप इन्व्हर्टरवाल्याचं. ओळखीपाळखीच्या चार घरांत वेगवेगळ्या कंपन्यांची अ‍ॅप उघडून बघितली. रंग सोडले तर सगळी सख्खी भावंडं. तेव्हा मी लिहितोय ते तुमच्या अ‍ॅपलाही बहुतेक लागू पडेल.

सामान असं: ५४० वॅटची ६ पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर. घर अनगोळमधलं, स्लॅबचं, दक्षिणेला मोकळं. आमच्याकडे आई, आम्ही दोघं, धाकटा भाऊ आणि त्याचं कुटुंब एकाच मीटरवर. बोअरची दीड एच.पी.ची मोटर, एक एच.पी.ची घरघंटी, दोन फ्रिज. महिन्याला ३०० युनिटच्या खाली बिल कधी येत नव्हतं. २०० युनिटच्या वर गेलं की गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचा, फायदा नाही, सगळं बिल भरायचं. म्हणून सोलर. ज्यांचं बिल गृहज्योतीत शून्य येतं त्यांनी पैशाच्या हिशेबानं याच्या वाटेला जायची काही गरज नाही. कार्बनच्या हिशेबानं जायचं असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि तो हिशेब पुढे येतोच आहे.

खर्च १,९५,००० आला. पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० परत मिळाले. ही योजना फेब्रुवारी २०२४ पासूनची. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असा तो हिशेब आहे. ३ किलोवॅटच्या वर कितीही बसवा, घरगुती सबसिडी तेवढीच. अनुदानासाठी भारतात बनलेले सेल असलेलीच पॅनेल लागतात, हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या. पोर्टलचं मात्र मला खरंच कौतुक वाटलं. बिलावरचा आर. आर. नंबर (ग्राहक क्रमांक) टाकला, कागद चढवले, आणि १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी थांबायची गरजच नाही असा नियम आता आहे. पॅनेलचा फोटो जागेच्या नोंदीसकट चढवायचा, नेट मीटर (लाईनला दिलेली आणि लाईनवरून घेतलेली वीज मोजणारा) बसला की पैसे थेट खात्यात. कुणाच्या टेबलापुढे उभं राहावं लागलं नाही. आमच्या वडिलांच्या काळात केईबीचं (तेव्हाचं कर्नाटक वीज मंडळ) कनेक्शन म्हणजे काय प्रकरण होतं ते ज्यांना आठवतं त्यांना याची किंमत कळेल. (त्याच्या जागी हेस्कॉम ही वीज कंपनी होऊन वीस वर्षं उलटली, तरी आई अजून ‘केईबीचा माणूस आलाय’ असंच सांगते.)

आता अ‍ॅप.

इन्व्हर्टरच्या बुडाशी काडेपेटीएवढा एक वाय-फायचा डोंगल असतो. तो दर पाच मिनिटांनी आकडे कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि तिथून ते आपल्या मोबाईलवर येतात. म्हणजे माझ्या डोक्यावर सहा फुटांवर तयार झालेल्या विजेची बातमी मला कुठल्या तरी लांबच्या गावाहून फिरून मिळते. मुलगा पुण्याला असतो. त्यानं तिथूनच मला फोनवर सांगत सांगत सगळं जोडून दिलं. आता तोही रोज बघतो. मध्येच फोन येतो, ‘‘बाबा, आज अकरापर्यंत दोनच युनिट? ढग आहेत का काय?’’ पूर्वी जेवलास का विचारायचा, आता ढग विचारतो.

अ‍ॅप उघडलं की वर हिरवंगार चित्र. घर, सूर्य, वाऱ्यावर डोलणारी झाडं. त्याच्याखाली तीन मोठे आकडे: आज किती युनिट, किती कार्बन वाचला, आणि त्यातून किती झाडं लावल्यासारखं झालं. पाच मिनिटांच्या आकड्यांचा आलेख बघायचा तर तीन वेळा बोट दाबून आत जावं लागतं. माझं सगळं भांडण या मांडणीशी आहे.

युनिटचा आकडा आधी घेऊ. इन्व्हर्टरजवळ वेगळा जनरेशन मीटर आहे. महिन्याच्या शेवटी त्याचं रीडिंग आणि अ‍ॅपची बेरीज ताडून बघितली. फरक शंभराला दोनच्या आत. उत्तम. पैकीच्या पैकी मार्क. मार्चमध्ये दिवसाला १५-१६ युनिट निघतात. एप्रिल-मे मध्ये ऊन जास्त, पण वीज त्या मानानं वाढत नाही. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे. तापमान त्याच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट धरायची. मे महिन्यात दुपारी पॅनेलच्या पाठीला हात लावून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून उंचावर, वारा भरपूर, म्हणून इथं ही घट मैदानी गावांपेक्षा कमी. वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी आलेख एकदम टरारून वर येतो, कारण धूळ धुऊन गेलेली असते. उन्हाळ्यात हाच आलेख बघून मी पॅनेल पुसायला वर जातो. तेवढ्यापुरतं अ‍ॅप कामाचं.

जुलै मात्र जुलैच. संततधार लागली की दिवसभरात तीन युनिट. महिन्याचं उत्पादन मार्चच्या निम्म्याला टेकतं. बसवणाऱ्यानं ‘रोजचे बारा धरा साहेब’ म्हणून सांगितलं होतं. वर्षाची सरासरी काढली तर त्याचं बरोबरच निघालं, पण सरासरीवर जुलैमध्ये मोटर चालत नाही. वर्षाला एकूण ४,२०० युनिटच्या आसपास. या भागात ३ किलोवॅटला ही चांगली कमाई म्हणायची.

आता कार्बनचा आकडा. अ‍ॅपनं वर्षाला ४ टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचं दाखवलं. भावाच्या मुलीनं ते चित्र शाळेच्या प्रोजेक्टला लावलं, म्हणून मी हिशेब करून बघितला. अ‍ॅपच्या किलोला अ‍ॅपच्याच युनिटनं भागलं तर एका युनिटमागे जवळजवळ एक किलो येतं. हे कुठून आलं? आपल्याकडे केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा, म्हणजे सगळीकडे जोडलेल्या वीजजाळ्याचा, आकडा काढतं. कोळसा, पाणी, वारा, सूर्य, अणू असं सगळं मिसळून एका युनिटमागे किती कार्बन ते त्यात असतं. अलीकडच्या वर्षांत तो ०.७२-०.७३ किलोच्या आसपास आहे. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं, त्यामुळे आता सगळ्या देशाला मिळून एकच आकडा. त्या हिशेबानं माझी बचत ३ टन आणि वर थोडी. म्हणजे अ‍ॅप एक टन वाढवून सांगतंय. शंभराच्या जागी एकशे सदतीस. आमच्या शॉपात असा मायक्रोमीटर कुणी वापरला असता तर त्याला संध्याकाळी घरी पाठवलं असतं.

सेटिंगमध्ये शोधलं. रुपयाचा दर बदलता येतो, भाषा बदलता येते (मराठी नाही, कन्नडही नाही), कार्बनचा गुणक मात्र बदलता येत नाही. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, की हा जागतिक प्रमाणानुसार आहे. बरं. झाडांचा आकडा कसा काढतात हे तर मी विचारलंच नाही. आंब्याचं झाड की निलगिरी, रोप की वीस वर्षांचं, याचा पत्ता नाही, आणि आकडा दोन दशांशांपर्यंत.

कुणी म्हणेल, तीन काय नि चार काय, चांगलंच आहे की. चांगलंच आहे. तीन टन ही लहान गोष्ट नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. माझी दुचाकी वर्षाला दीडशे लिटर पिते, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आत-बाहेर. एका गच्चीनं अशा आठ-नऊ दुचाक्यांचा धूर भरून काढला. पॅनेल बनवताना जी ऊर्जा खर्च होते ती आपल्या उन्हात एक-दोन वर्षांत फिटते असं धरलं तरी पुढची वीस वर्षं हातात राहतात. इतकं खरं असताना खोटं कशाला वाढवून सांगायचं? उद्या महापालिकेनं सगळ्या घरांच्या अ‍ॅपची बेरीज करून ‘शहरानं इतका कार्बन वाचवला’ म्हणून फलक लावला, तर तो फलक पहिल्या दिवसापासून एक तृतीयांशाहून जास्त फुगलेला असेल.

दुसरी खोट जास्त महत्त्वाची. अ‍ॅपला फक्त इन्व्हर्टरमधून काय निघालं ते कळतं. घरात किती वापरलं, बाहेर किती गेलं, बाहेरून किती आलं, याचा त्याला गंध नाही. त्यासाठी क्लॅम्पवाला वेगळा मीटर लागतो, तो पाच-सहा हजारांना. मी तो घेतला नाही. नेट मीटरच्या डिस्प्लेवर आयात आणि निर्यात दोन्ही आकडे पाळीपाळीनं येतात. तयार केलेल्यातून निर्यात वजा करायची आणि आयात मिळवायची, की घरातला वापर मिळाला. वहीत एक रकाना वाढला, इतकंच.

आता तो किस्सा सांगतो ज्याच्यामुळे मी या आलेखाला मानायला लागलो.

फेब्रुवारीत, लख्ख ऊन असताना, दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान आलेख एकदम शून्यावर यायचा, पाच-सात मिनिटांनी परत वर. करवतीचे दात काढल्यासारखा. मुख्य पानावर मात्र सगळं हिरवंगार, झाडं डोलतायत. दिवसाच्या बेरजेत एक-दीड युनिटचा फरक. फक्त बेरीज बघणाऱ्याला तो कधीच कळला नसता. आत खोदल्यावर इंग्रजीत एक कोड सापडला, ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘‘लाईनचा प्रॉब्लेम हाय साहेब, आमचा न्हवं.’’ मल्टीमीटर घेऊन मीच बसलो. मीटरपाशी २४८, इन्व्हर्टरच्या तोंडाशी २५४. २३० च्या वर दहा टक्के, म्हणजे २५३ झाले की इन्व्हर्टर स्वतःला लाईनपासून सोडवून घेतो, नियमच तसा. आता मधले ६ व्होल्ट कुठे जातात? गच्चीवरून खाली आलेली केबल बारीक, आणि डिस्ट्रिब्युशन बॉक्समधला एक जोड सैल. टर्मिनल काळं पडलेलं. तसंच राहिलं असतं तर एक दिवस बॉक्स पेटला असता. बसवणाऱ्याला फोटो पाठवले, तेव्हा मुकाट्यानं केबल बदलून दिली, एक नंबर जाडी वाढवून.

म्हणून सांगतो, घेताना पॅनेल कुठल्या कंपनीचं हे विचारता तसं केबल किती स्क्वेअर एमएम हेही विचारा. पॅनेलची पंचवीस वर्षांची गॅरंटी सगळे छातीठोक सांगतात. जोड आवळायचा पाना कुणाच्या खिशात नसतो.

केबल बदलल्यावरही कधीमधी तो दात दिसायचा. आता ते २४८ व्होल्ट माझ्या हातातले नव्हते. दुपारी गल्लीतली माणसं कामावर, पोरं शाळेत, भार नाही. आणि माझ्यासारख्या तीन-चार गच्च्या लाईनमध्ये वीज ढकलतायत. साहजिकच व्होल्टेज चढतं. मग घरघंटी आणि बोअरची मोटर सकाळी सहाऐवजी दुपारी एक वाजता लावायला सुरुवात केली. बायको आधी वैतागली. जेवणाच्या वेळी दळण म्हणजे काय! आता तीच गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून ओरडते, ‘‘ओ, कडक ऊन आलंय, गिरणी लावू काय?’’ दीड-दोन किलोवॅट घरातच खपले की व्होल्टेज उतरतं आणि इन्व्हर्टर निमूट चालतो. त्यानंतर तो दात क्वचितच दिसला.

बिलात यानं काही फारसा फरक पडला नाही, हेही सांगून टाकतो. नेट मीटरमध्ये दिलेलं आणि घेतलेलं महिन्याला वळतं होतं. सहाला मोटर लावा की एकला, आकडा तोच. फरक पडतो तो बिलावर न दिसणाऱ्या ठिकाणी.

दुपारी या राज्यात उन्हाची वीज रग्गड असते. पावगड्याचा सोलर पार्क एकटाच २,००० मेगावॅटच्या वर. सूर्य मावळला की एकदम सगळ्या शहरांचे दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात, आणि ती भूक भागवायला रायचूरसारखे कोळशाचे संच आणि शरावती, काळी या नद्यांवरचं पाणी लागतं. म्हणजे सगळे युनिट सारखे नाहीत. दुपारी एकचा युनिट आणि रात्री आठचा युनिट यांच्या मागचा धूर वेगळा. ०.७३ हीसुद्धा सगळ्या वेळांची सरासरीच, आणि सरासरीबद्दल माझं मत वर जुलैच्या निमित्तानं सांगितलंच आहे. शहराचा कार्बन कमी करायचा तर ‘किती’ इतकंच ‘केव्हा’ महत्त्वाचं. दर पाच मिनिटांचा ‘केव्हा’ या अ‍ॅपकडे तयार आहे. तो त्यांनी आत दडवून ठेवला आणि पुढे झाडं लावली.

उद्यमबागेत आम्ही हे उलट्या बाजूनं बघितलं आहे. हाय टेन्शनवाल्या (जास्त दाबाची वीज घेणाऱ्या) कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे सवलत असायची, म्हणून फाउंड्रीवाले रात्री धातू वितळवायचे. इंडक्शन फर्नेसला एक टन बिडासाठी साडेपाचशे-सहाशे युनिट लागतात. रुपयाची सवलत म्हणजे टनामागे पाचशे-सहाशे रुपये. कोण सोडेल? दरानं माणसाला रात्री जागायला लावलं. तेव्हा ते बरोबरही होतं, रात्री वीज पडून असायची. आता दुपारी पडून असते. केंद्रानं २०२३ मध्ये नियम बदलून उन्हाच्या तासांचा दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे. आधी मोठ्या ग्राहकांना, मग घरगुती ग्राहकांनासुद्धा, पण त्यासाठी वेळेची नोंद ठेवणारा स्मार्ट मीटर घरी पाहिजे. तो आला आणि दर खरंच तसा लागू झाला, की घरघंटी दुपारी लावायला बायकोची समजूत काढावी लागणार नाही.

बेळगावच्या फाउंड्र्यांनी मोजमापातून कोळसा वाचवून दाखवला आहे, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. बीईई (केंद्राचा ऊर्जा बचतीचा विभाग) आणि युनिडो (संयुक्त राष्ट्रांची उद्योग विकास संस्था) यांचा ऊर्जा बचतीचा जो कार्यक्रम झाला त्यात कोइमतूर आणि इंदूरबरोबर बेळगावचा फाउंड्री समूह होता. अशा कामात पहिलं पाऊल कधीच नवीन मशीन नसतं. पहिलं पाऊल मीटर. कुठल्या भट्टीला टनामागे किती युनिट, झाकण किती वेळ उघडं, कॉम्प्रेसरची हवा कुठल्या जोडातून रात्रभर सुसतेय. आमच्या शॉपात एकदा रविवारी, सगळं बंद असताना, कॉम्प्रेसर आपोआप चालू-बंद होताना लॉगरवर, म्हणजे आकडे नोंदवत राहणाऱ्या यंत्रावर, दिसला. तेव्हा कळलं की हवा वापरतंय कोण, तर भोकं.

शहराचंही तसंच व्हायला पाहिजे. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली २० नावं आली त्यात बेळगाव होतं. कंट्रोल रूम झाली, पडदे लागले, कॅमेरे लागले. मला त्या पडद्यावर एकच गोष्ट बघायला आवडेल: कुठल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर दुपारी व्होल्टेज किती चढतंय. माझ्या गल्लीत चार गच्च्या आहेत म्हणून मोटरची वेळ बदलून भागलं. उद्या चाळीस झाल्या, तर एकाचा इन्व्हर्टर चालू आणि दुसऱ्याचा बंद असा खेळ सुरू होईल. चाळीस घरांत कुणी कधी मोटर लावायची हे वहीत लिहून जमणार नाही, तिथं खरं डिजिटल लागेल. वडगाव-खासबागेत भर दुपारी माग खडखडत असतात. तिथल्या भाराला आमच्या अनगोळच्या गच्च्यांचा उपयोग व्हावा, असं कुणीतरी एका नकाशावर मांडलं पाहिजे. शहापुरातल्या जुन्या कौलारू घरांवर पॅनेल सहजी बसत नाहीत, मंगळुरी कौल तेवढं ओझं आणि पाय सहन करत नाही. त्यांच्या वाट्याला ही वीज यायची तर अशाच मार्गानं येणार.

आणि जुलै. माझी पॅनेल रुसतात तेव्हा सौंदत्तीच्या माळावरच्या पवनचक्क्या गरगरत असतात. पावसाळी वारा हाच त्यांचा हंगाम. त्याच दिवसांत धरणं भरतात. मी पूर्वी जुलैचा आकडा बघून चिडायचो. आता जिल्ह्याचा म्हणून बघतो तेव्हा हिशेब जमतो.

बारीकसारीक राहिलंय ते सांगतो. लाईट गेली की सोलरही बंद पडतं, ऊन कितीही असो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाईनमनला माझ्या गच्चीवरून झटका बसू नये म्हणून ते तसं केलेलं असतं, आणि बरोबरच आहे. पण विकताना हे फार कमी जण सांगतात. बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तर लाईट राहते, पैसे बरेच वाढतात. वाय-फाय गेलं की अ‍ॅपमध्ये त्या वेळेचं भोक पडतं; आमच्या डोंगलमध्ये मागचं साठवून ठेवायची सोय नाही. अ‍ॅपच्या सूचना भरमसाट येतात. ‘तुमच्या यंत्रणेनं आज विक्रम केला’ असल्या. कामाची सूचना मात्र, म्हणजे ग्रिड ओव्हर व्होल्टेजची, एकदाही आली नाही. शेजारच्या घरावर नवी पाण्याची टाकी चढली तेव्हा संध्याकाळचा उतार आधी सुरू व्हायला लागला. आलेखावर ते दिसतं, पण कुठलं पॅनेल सावलीत ते दिसत नाही, सहाही एकाच माळेत. गच्चीवर उभं राहूनच बघावं लागलं. शेजारी कन्नड, त्यांना अवघडल्यासारखं झालं, टाकी दोन फूट मागे सरकवली, आणि आता रस्त्यात भेटले की विचारतात, ‘‘एष्टु युनिट बंतु?’’ (किती युनिट आले?) पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेही बसतंय. त्यांना मी केबलचा नंबर आधीच लिहून दिला आहे.

अंघोळीचं पाणी या सगळ्यात बसत नाही. सकाळी सहाला ऊन नसतं आणि गीझर दोन किलोवॅट ओढतो. त्याला पाणी तापवायचा जुना सोलर हीटरच बरा, त्याला ना अ‍ॅप ना डोंगल. आईचा तांब्याचा बंब अजून मागच्या दारी आहे, नारळाच्या सोडणांवर चालणारा. जुलैमध्ये शेवटी तोच पेटतो. कार्बनचा हिशेब करणाऱ्यांनी तिच्याशी बोलावं, मी बोलणार नाही.

गुण द्यायचे तर यंत्रणेला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या सैल जोडाचा कापला. पोर्टलला पाच. अ‍ॅपला अडीच, तेही त्या आतल्या आलेखामुळे. कंपनीकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे: आलेख पहिल्या पानावर आणा, कार्बनचा गुणक ज्याला त्याला भरू द्या, आणि इन्व्हर्टर बंद पडला तर फोन वाजवा, विक्रम केला तर वाजवू नका. नवीन घेणाऱ्यांनी डोंगलची वॉरंटी वेगळी विचारून घ्या. इन्व्हर्टरची आठ-दहा वर्षं असते, डोंगलची बहुतेक वेळा तेवढी नसते. आणि अ‍ॅपचं लॉगिन बसवणाऱ्याच्या नावावर न ठेवता स्वतःच्या नंबरावर काढा. बसवणारा उद्या धंदा बदलतो, मग स्वतःच्या गच्चीचे आकडे बघायला त्याच्या मागे फिरावं लागतं.